खिशातलं कॉम्प्युटर: यूएसबी एसएसडीवर व्हर्च्युअलबॉक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी खरेदीचं बोलू, कारण बरंवाईट तिथेच ठरतं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरच्या आत चालवलेला दुसरा कॉम्प्युटर, खिशातून नेऊन वेगवेगळ्या ठिकाणी उघडायचा तर तो पेनड्राइव्हवर ठेवू नका, बाह्य एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या. पेनड्राइव्हच्या खोक्यावर छापलेला वेग एखादी मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. ऑपरेटिंग सिस्टीमचं काम तसं चालत नाही. ती ४ केबीचे बारके तुकडे डिस्कभर सतत लिहीत असते, आणि अशा लिखाणात बरेचसे साधे पेनड्राइव्ह सेकंदाला १ एमबीच्याही खाली येतात. मशीन सुरू होतं, डेस्कटॉप दिसतो, आणि ब्राउझर उघडला की सगळं गोठतं. लोक मग रॅम वाढवतात, प्रोसेसरचे कोअर वाढवतात, व्हर्च्युअलबॉक्सला नावं ठेवतात. अडलेलं असतं डिस्कवर.

२.५ इंची साटा एसएसडी आणि यूएएसपी (यूएसबीवर डिस्क जलद चालवण्याची पद्धत) चालणारं यूएसबी ३ चं एन्क्लोजर (एसएसडी बसवायची बाहेरची डबी), हा माझ्या मते सगळ्यात शहाणा मेळ आहे. सलग वेग ४०० एमबीच्या आसपास मिळतो आणि बारक्या तुकड्यांतही तो दमत नाही. एनव्हीएमई या साटाहून वेगवान प्रकारच्या एसएसडीचं एन्क्लोजर कागदावर जास्त वेगवान असतं, पण ते तापतं आणि वीजही जास्त ओढतं. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावलं तर लिखाण जोरात सुरू असताना ड्राइव्ह मध्येच गायब होण्याचा धोका असतो. डेस्कटॉपवर नेहमी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा आणि केबल आखूड ठेवा. यूएसबी २ च्या पोर्टवर वेग ३० ते ४० एमबीवर अडतो. तिथे कामापुरतं चालतं, रोज वापरावं असं नाही.

आता रचना. आत डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. रॅम ३ जीबी, दोन कोअर, नेटवर्क नॅटवर (ज्यावर मशीन चालतं त्या यजमान कॉम्प्युटरच्या जोडणीतून), आणि गरजेनुसार वाढणारी ३० जीबीची व्हीडीआय डिस्क (एका फाइलमध्ये मावणारी व्हर्च्युअल डिस्क). इन्स्टॉल झाल्यावर ती प्रत्यक्षात ६-७ जीबी जागा घेते. ८ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर एवढं निवांत चालतं. आत डिस्कवरचं लिखाण कमी करायला थोडे बदल केले की फरक जाणवतो: एफएसटॅब या डिस्कच्या सेटिंग फाइलमध्ये नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न लिहिणं), टेम्प फोल्डर रॅममध्ये, स्वॅपिनेस (रॅममधलं डिस्कवर हलवण्याचा कल) १० वर, आणि फायरफॉक्सचा डिस्कवरचा कॅश बंद. विंडोज ११ आत ठेवायचं तर ६४ जीबी डिस्क आणि किमान ४ जीबी रॅम धरा. त्याला लागणारा टीपीएम (सुरक्षेची चिप) व्हर्च्युअलबॉक्स ७ आतल्या आत पुरवतो, पण १६ जीबी रॅम नसलेल्या यजमान मशीनवर त्या वाटेला जाऊ नये.

'पोर्टेबल' या शब्दावर जास्त विसंबू नका. व्हर्च्युअलबॉक्सला विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) स्वतःचा ड्रायव्हर घालावा लागतो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार लागतातच. पोर्टेबल-व्हर्च्युअलबॉक्स नावाचा लाँचर हे अधिकार टाळत नाही. तो सुरू होताना ड्रायव्हर बसवतो आणि बंद होताना काढतो, एवढंच. मधे लॅपटॉप अडकला किंवा वीज गेली तर ड्रायव्हर मागे राहतो. त्या मशीनवर वेगळ्या आवृत्तीचं व्हर्च्युअलबॉक्स आधीपासून असेल तर ड्रायव्हरची आवृत्ती जुळत नाही, अशी चूक येते आणि दोन्ही रुसतात. म्हणून माझा सल्ला साधा आहे: ज्या तीन-चार कॉम्प्युटरवर बसायचं आहे, तिथे व्हर्च्युअलबॉक्स रीतसर इन्स्टॉल करा आणि एसएसडीवर फक्त मशीनचं फोल्डर फिरवा. सगळीकडे आवृत्ती एकच ठेवा. नव्या आवृत्तीने सेटिंगची फाइल बदलून लिहिली की जुनी आवृत्ती ती उघडायला नकार देऊ शकते.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात ॲडमिनचे अधिकार नसतील तर क्यूईएमयू हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, हा एक मार्ग उरतो. ते इन्स्टॉल न करता फोल्डरमधून चालतं. पण विंडोजमधली हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म ही व्हर्च्युअल मशीनला थेट प्रोसेसर वापरू देणारी सोय सुरू नसेल, आणि ती सुरू करायला पुन्हा ॲडमिनच लागतो, तर प्रोसेसरची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने वठवावी लागते. आल्पाइन किंवा टायनी कोअरसारखी हलकी सिस्टीम कमांड लाइनवर चालवायला, शेल स्क्रिप्टचा सराव करायला ते पुरतं. डेस्कटॉप आणि ब्राउझरची अपेक्षा धरू नका.

नव्या यजमान मशीनवर दोन अडथळे हमखास भेटतात. पहिला, बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही, म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, बंद असणं. २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्सने सॉफ्टवेअरवर भागवण्याची सोय काढून टाकली, त्यामुळे हे सुरू केल्याशिवाय मशीन उठतच नाही. दुसरा अडथळा जास्त फसवा आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय सुरू असते, म्हणजे खाली मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) आधीच चालू असतो. मशीन तरीही सुरू होतं, पण खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसतं आणि सगळं जड वाटतं. स्वतःच्या लॅपटॉपवर कोअर आयसोलेशनमधून मेमरी इंटिग्रिटी बंद करता येते, आणि तेवढ्याने कासव गेलं नाही तर बीसीडीएडिट या आज्ञेने हायपरव्हायजरचं सुरू होणं थांबवता येतं. त्याने डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) आणि त्यावरचं डॉकरही बंद पडतं, आणि सुरक्षेचा एक थर कमी होतो. कंपनीच्या लॅपटॉपवर याला हात लावू नये. कासव सोसावं.

ड्राइव्हचं अक्षर बदलणं ही रोजची कटकट एकदाच मिटवता येते. व्हर्च्युअलबॉक्स आपल्या यादीत मशीनचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतो. काल ई असलेला ड्राइव्ह आज एफ झाला की मशीन यादीत दिसतं, पण उघडत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एसएसडीला व्ही असं शेवटाकडचं अक्षर द्या. विंडोज ते त्या ड्राइव्हसाठी लक्षात ठेवतं. तरी बिघडलंच तर मशीन यादीतून काढा, मात्र फाइली पुसण्याचा पर्याय कटाक्षाने टाळा, आणि मशीन मेनूतल्या ॲडमधून पुन्हा जोडा. डिस्कची फाइल मशीनच्याच फोल्डरमध्ये असेल तर तिचा पत्ता सापेक्ष राहतो, वेगळं काही करावं लागत नाही. शेअर्ड फोल्डरचे पत्ते मात्र पूर्ण असतात, ते तपासून घ्या. नेटवर्क ब्रिज्डवर (थेट एका नेटवर्क कार्डाशी जोडून) ठेवलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या नावाचं नेटवर्क कार्डच सापडत नाही आणि मशीन अडतं. नॅटवर हा प्रश्न येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र लॅपटॉपचं झाकण मिटल्याने होतं, आणि याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. लॅपटॉप झोपला की यूएसबीची वीज तुटू शकते. जागा झाल्यावर ड्राइव्ह नव्याने ओळखला जातो, पण चालू मशीनने धरलेला धागा तुटलेला असतो. आतलं लिनक्स डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवतं किंवा व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून चूक दाखवतो. झाकण मिटण्याआधी मशीन बंद करायची सवय लावा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद ठेवा. भारनियमन असलेल्या गावात यूपीएसशिवायच्या डेस्कटॉपवर काम करत असाल तर साटा कंट्रोलरचा 'होस्ट आय/ओ कॅश' बंदच राहू द्या. वीज गेल्यावर यजमानाच्या रॅममध्ये अडकलेलं लिखाण त्यामुळे कमी राहतं.

फॉरमॅटचा निर्णयही याच्याशी जोडलेला आहे. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, तो बाद. एक्सफॅट सगळीकडे चालतो, पण त्याला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नाही. ड्राइव्ह अचानक निघाला तर आतल्या लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटने स्वतःला सावरूनही बाहेरची व्हीडीआयच खराब होऊ शकते. फक्त विंडोज आणि लिनक्सवर काम असेल तर एनटीएफएस घ्या. लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ पासून त्याचा लिहिणारा ड्रायव्हर आहे. मात्र विंडोज फास्ट स्टार्टअपसह बंद करण्याआधी ड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' करा, नाहीतर लिनक्स त्यावर लिहायला नकार देऊ शकतं. ड्राइव्ह वापरात आहे असा संदेश आला तर व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद केल्यावर काही सेकंद थांबा. त्याची मागची सेवा लगेच बंद होत नाही.

खिडकी बंद करताना 'सेव्ह स्टेट' निवडू नका. ती अवस्था त्याच प्रोसेसरवर नीट उठते. इंटेलवर जतन केलेली एएमडीवर उठेल याचा भरवसा नाही. शिवाय त्या फाइलमध्ये रॅममधलं सगळं असतं, उघडे पासवर्डसुद्धा. पूर्ण शटडाउनच करा.

व्हीडीआय वाढते, आपोआप आटत नाही. आत फाइली पुसल्या तरी बाहेर जागा तेवढीच अडते. आधी स्नॅपशॉट (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या अवस्था) काढून टाका, मग आत डीडी या आज्ञेने शून्यांची फाइल डिस्क भरेपर्यंत लिहा, ती पुसा, मशीन बंद करा आणि व्हीबॉक्समॅनेजची मॉडिफायमीडियम आज्ञा कॉम्पॅक्टसह चालवा. शून्यं भरताना फाइल पूर्ण ३० जीबीपर्यंत फुगू शकते, तेवढी मोकळी जागा एसएसडीवर आधी असू द्या.

मराठीत लिहिणाऱ्यांना याचा एक मोठा फायदा आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो. आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, नोटो सान्स देवनागरी आणि लिबरऑफिसचा मराठी शब्दकोश एकदा बसवलं की ते सगळं सोबत फिरतं. परक्या कॉम्प्युटरवर फॉन्ट शोधायला नको, कीबोर्ड जोडायला नको.

सुरक्षेबद्दल मात्र गैरसमज नको. व्हर्च्युअल मशीन यजमानाला आतल्या धोक्यापासून बरंच वाचवतं, पण यजमानापासून आतल्याला वाचवत नाही. यजमानावर कीलॉगर असेल तर तुम्ही आत टाइप केलेलं सगळं त्याला दिसतं. सायबर कॅफेत यातून बँकेचं काम करू नका. खुणाही मागे राहतात: विंडोजच्या रजिस्ट्रीत ड्राइव्हची नोंद, यूजर फोल्डरमध्ये व्हर्च्युअलबॉक्सची सेटिंग. ड्राइव्ह हरवण्याची भीती असेल तर डेबियन बसवतानाच पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन निवडा. ते कुठल्याही यजमानावर काही न बसवता चालतं. फक्त एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची कॉम्पॅक्ट होण्याची अपेक्षा सोडा, कारण तिथे शून्यंसुद्धा शून्यं म्हणून लिहिली जात नाहीत.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर हे मशीन चालणार नाही. तिथलं व्हर्च्युअलबॉक्स फक्त आर्म प्रोसेसरच्या सिस्टीम चालवतं, हे मशीन इंटेल-एएमडीचं आहे.

बॅकअपसाठी मशीन बंद असताना अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. क्लाउड सिंकमध्ये व्हीडीआय टाकू नका. आत एक ओळ बदलली तरी बऱ्याच सेवा अख्खी फाइल पुन्हा चढवतात. व्हीएमडीके या दुसऱ्या डिस्क-फाइल प्रकारात २ जीबीचे तुकडे करून डिस्क बनवली तर बदललेले तुकडेच रोबोकॉपी किंवा आरसिंक या कॉपीच्या आज्ञांनी उचलता येतात. कामाच्या फाइली वेगळ्या, रोज आणि मशीनच्या बाहेर जपा. कॉपी केलेलं मशीन मूळ मशीन असलेल्याच यादीत जोडलं तर डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) दोनदा येतो आणि चूक दिसते, म्हणून बॅकअपची चाचणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्या.