मॅस्टोडॉन: हत्ती चांगला, 'तूट' कशाला?

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. 'तूट' शब्द कानावर पडला की अजून माझा हात वजनाच्या पावत्यांकडं जातो. 2019 ला, म्हणजे महापुराच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर भाच्यानं मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्याच एका समाजमाध्यमावर, खातं काढून दिलं. चार ओळी लिहिल्या. तो म्हणाला, "मामा, आता टूट करा." म्हटलं, "लेका, आख्खा जन्म तूट भरून काढण्यात गेला, आता स्वतः करू होय?"

बटणावर खरंच तसं लिहिलेलं होतं. मॅस्टोडॉन हा हत्तीचा लांबचा नातलग, नामशेष झालेला प्राणी आणि इंग्रजीत 'टूट' म्हणजे तुतारीसारखा आवाज, म्हणून इथं लिहिणं म्हणजे सोंडेनं तुतारी फुंकणं. गंमत आहे, पण समजावून सांगावी लागते. पुढं नोव्हेंबर 2022 च्या आवृत्तीत 'टूट' जाऊन 'पब्लिश' आलं. हे तर आणखी अवघड! पाचशे अक्षरांत 'आज हरिपूर रस्त्याला पाऊस' एवढं लिहायचं आणि ग्रंथ प्रसिद्ध केल्याचा आव आणायचा.

विचित्र शब्दांशी माझं भांडण नाही. हरिपूरची हळदीची पेवं घ्या, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. परगावच्या माणसाला 'पेव' कळत नाही, पण एकदा आत डोकावलं की दुसरा शब्द सुचतही नाही. वस्तू वेगळी, म्हणून नाव वेगळं. 'ट्विट'सुद्धा तसंच रुळलं होतं. आमच्या शेठजींना इंग्रजी येत नाही, पण "मंत्र्यानं ट्विट केलं" हे ते सहज म्हणायचे. 2023 ला ट्विटरचं 'एक्स' झालं, ट्विटची 'पोस्ट' झाली, तरी शेठजींचं ट्विटच चालू आहे.

मॅस्टोडॉनची चूक मला वेगळीच वाटते. लिहून टाकणं ही साधी गोष्ट, तिला नखरेल नाव दिलं. आणि जे खरंच नवीन आहे त्याला 'सर्व्हर' असा रुक्ष शब्द, म्हणजे आपलं खातं ज्यावर असतं तो संगणक. इथं एकच मालक नाही. हजारो सर्व्हर आहेत, ज्याचा त्याचा चालक वेगळा, नियम वेगळे, तरी एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याचं वाचू शकतो. मी आपला यार्डातला हिशेब लावला: सर्व्हर म्हणजे अडत दुकान. शेतकरी माल एका अडत्याकडं लावतो, पण सौद्याला यार्डातला कुठलाही व्यापारी येतो. अडत्या पटला नाही तर पुढल्या खेपेला दुसरा. इथंही सर्व्हर बदलला तर अनुयायी बरोबर नेता येतात, जुनं लिखाण मात्र मागंच राहतं. हे 'सर्व्हर' शब्दातून कुणाला कळणार?

'बूस्ट' म्हटल्यावर आमच्या हिला दुधातली पावडर आठवली. पण तो शब्द चांगला आहे. आवडलं म्हणून चांदणीचं बटण दाबलं तर लिहिणाऱ्याला दाद पोचते, एवढंच. बूस्ट केलं तर ते लिखाण आपल्या अनुयायांपर्यंत पोचतं. दोन कामं, दोन नावं. हिशेब चोख.

बाकी वापरायला शांत. जाहिराती माथी मारत नाहीत, मुख्य पानावर ज्या क्रमानं लोक लिहितात त्याच क्रमानं दिसतं. मराठी माणसं कमी भेटतात, सकाळी उघडलं तर आपलंच कालचं पुन्हा वाचायचं.

पाचपैकी साडेतीन. दीड तूट म्हणून वजा.