दहावीच्या सुट्टीतला 'कामाचा अनुभव': कुणी शिकवायला असेल तरच पैसे वसूल

दहावीची परीक्षा झाली तेव्हा माझ्या लेकीचं एवढंच ठरलं होतं की कॉमर्स घ्यायचं. का, ते तिला सांगता येत नव्हतं. म्हणून मे महिन्यात इथल्या एका संस्थेच्या 'कामाचा अनुभव' उपक्रमात तिचं नाव घातलं. फी दोन हजार रुपये, वेळ सकाळी साडेआठ ते बारा. पाच दिवस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आणि पाच दिवस सीएच्या ऑफिसात.

कारखान्याला माझे पैकीच्या पैकी मार्क. मी स्वतः युनिफॉर्मच्या शिलाईत बारा वर्षं आहे. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय मानांकन (त्या त्या भागाच्या खास मालाला मिळणारी ओळख) आहे हेही माहीत होतं, पण तो विणतात कसा हे मला लेकीनं शिकवलं. दुसऱ्या रात्री जेवताना तिनं ताटाशेजारी दोरे मांडले. "आई, टॉवेलला दोन ताणे असतात गं, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच. एक ताठ, एक सैल. तीन आडवे धागे पडले की फणी ते एकदम पुढं रेटते आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. तेच पाणी ओढून घेतात." मागाच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून तिथल्या मास्तरांनी मुलांना तपासणीच्या टेबलाशी नेलं होतं. टॉवेल उजेडात धरायचा आणि सुटलेले लूप बोटानं शोधायचे. तिसऱ्या दिवशी तिनं सहा टॉवेल बाजूला काढले. मास्तरांनी त्यातले चार बरोबर म्हटले आणि उरलेले दोन का ठीक आहेत तेही दाखवलं.

चालू मागाला मात्र कुणालाच हात लावू दिला नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून पहिल्या दिवशी मी स्वतः थांबून हे पाहून आले.

सीएच्या ऑफिसात चार दिवस तिनं बिलं तारखेप्रमाणे लावली. कसली बिलं, कशासाठी, कुणी सांगितलं नाही. मी संस्थेला दोनदा फोन केला, तर "साहेब कामात आहेत" एवढंच उत्तर. पोरगी हिरमुसून घरी यायची, मला फार वाईट वाटायचं. पाचव्या दिवशी तिथं आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणाऱ्या एका ताईनं तिला शेजारी बसवलं. खरेदीची बिलं जीएसटीच्या नोंदींशी कशी जुळवायची ते दाखवलं. बारावी, सीएच्या फाउंडेशन आणि इंटरमीजिएट परीक्षा, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, हा रस्ताही कागदावर काढून दिला. अर्ध्या तासाचं काम! तो कागद लेकीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

धाकट्यालाही इथंच घालणार आहे. मात्र पैसे भरायच्या आधी दोन्ही ठिकाणी मुलांबरोबर कोण बसणार, त्या माणसाचं नाव विचारून घेईन. तुम्हीही विचारा.