जोधपूर की बिकानेर? वाळवंटातल्या दोन शहरांचा हिशोब

भाच्याचा फोन आला. "मामा, सोलारची नोकरी आहे. ऑफिस जोधपूरला घे नाहीतर बिकानेरला, असं म्हणतायत. तू तर दोन्हीकडे जातोस. कुठलं घेऊ?"

मी पुण्याहून पाकिटं भरायची यंत्रं विकतो, म्हणून बिकानेरच्या भुजियावाल्यांकडे जाणं होतं. जोधपूरला फर्निचरवाल्यांना खोकी, फोम, पट्ट्या लागतात, म्हणून तिथेही. फोनवर "बघू" म्हणालो, पण विषय फोनवर आटपणारा नव्हता. शिवाय नोकरीसाठी नाही तरी धंद्यासाठी हाच प्रश्न पडलेले बरेच जण भेटतात.

शहरं तशी एकाच घरातली. राव जोधाने १४५९ मध्ये जोधपूर वसवलं, त्याचा मुलगा राव बिका याने १४८८ मध्ये बिकानेर. मधे साधारण अडीचशे किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत जोधपूर दहा लाखांच्या थोडं वर, बिकानेर साडेसहा लाखांच्या आत. पण बाप-लेकाचे धंदे निराळे. जोधपूर माल बनवतं तो परक्यांच्या दिवाणखान्यासाठी, बिकानेरचा माल आपल्या डब्यात येतो. बाकीचे बरेच फरक इथूनच निघतात.

जोधपूरच्या बोरानाडा किंवा बासनी भागात सकाळी चक्कर मारली की लाकडाच्या भुशाचा वास नाकात बसतो. शिसम, आंबा, बाभूळ आणि त्याला लोखंडाची जोड. एका शेडमध्ये कारागीर कोऱ्या करकरीत कपाटाला साखळीने बडवत होता. मला वाटलं, माल नापास झाला असावा. नाही, ऑर्डरच 'जुनं दिसेल असं' होती. साखळीचे वण, मग पॉलिश, मग कोपऱ्यांवर पुन्हा घासकाम, आणि शंभर वर्षांचं दिसणारं कपाट आठवड्यात कंटेनरमध्ये. हातात कला आहे यात वादच नाही.

पण गिऱ्हाईक अमेरिका-युरोपात असलं की त्याला शिंक आली तरी सर्दी इथे होते. २०१७ पासून शिसमाच्या मालाला आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध लागले, कागदपत्रांशिवाय माल हलेना. त्या काळात अनेकांनी आंब्याच्या लाकडाकडे मोर्चा वळवला. २०२२ च्या अखेरीस एका नगात दहा किलोपर्यंत शिसम असेल तर सूट मिळाली, तेव्हा छोट्या वस्तूवाल्यांना जरा श्वास घेता आला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क नेलं. माझ्या एका गिऱ्हाइकाने खोक्यांची ऑर्डर त्याच आठवड्यात थांबवली. त्याचाही इलाज नव्हता.

गवारीचंही तेच. आपण भाजी करतो त्या गवारीच्या बियांपासून गम निघतो, आणि तो जमिनीतून तेल-वायू काढताना विहिरीत ओततात. या गमचे कारखाने जोधपुरात भरपूर. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मागणीने भाव असे उडाले की गम क्विंटलला लाखाच्या घरात गेला, वायदेबाजारच थांबवावा लागला. त्या एका हंगामात काहींचे बंगले झाले, काहींचे होते ते गेले. याशिवाय स्टीलच्या पट्ट्या आणि भांडी, कापडाची रंगाई-छपाई, गुलाबी-पिवळा वालुकाश्म, आणि किल्ला-महाल पाहायला येणारे पर्यटक. पर्यटनाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी थांबतो.

जोधपूरची खरी ठेव मात्र कारखान्यांबाहेर आहे. राजस्थान उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ इथे आहे. एम्स, आयआयटी, विधी विद्यापीठ, १९५९ पासूनची 'काझरी' ही कोरड्या प्रदेशाची संशोधन संस्था, शिवाय सैन्य आणि हवाई दल. निर्यात झोपली तरी वकील, डॉक्टर, फौजी यांचे पगार होतात, त्यामुळे घरभाडं आणि किराणा दुकान चालू राहतं. शंभरेक किलोमीटरवर पचपदऱ्याला वर्षाला ९० लाख टन क्षमतेची रिफायनरी उभी राहिली आहे, तिथली ये-जाही बरीचशी जोधपूरवरूनच.

आता बिकानेर. भुजिया बेसनाची असते असं समजणारे पुण्यात कमी नाहीत. तिचा जीव मटकीच्या पिठात आहे, आपण उसळ करतो तीच मटकी. पाऊस थोडा असला तरी वाळूत ती येते, म्हणून पदार्थ इथला झाला. कारागीर कढईसमोर बसतो, झाऱ्यावर पिठाचा गोळा तळहाताने घासतो, आणि खाली तेलात केसासारखे तुकडे पडतात. हाताची लय चुकली की जाडी बदलते. मोठ्या कारखान्यांत यंत्रं आली, तरी 'हातवाली' मागणारा ग्राहक वेगळा पैसा मोजतो. २०१० मध्ये बिकानेरी भुजियाला भौगोलिक मानांकन मिळालं. नागपूरच्या हल्दीरामचं मूळ दुकान इथलंच. बिकाजी ही इथलीच भुजियाची कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात गेली. भुजियाच्या मागे पापड, मुंगोडी, डब्यातले रसगुल्ले हेही आलेच.

या धंद्याची मजा अशी की घरातली बाई तेजी-मंदी बघून भुजिया बंद करत नाही. पाच रुपयांच्या पाकिटात ग्रॅम कमी होतात, एवढंच. त्रास येतो तो तेलाच्या आणि डाळीच्या भावातून. आणि वाळूतून. माझं पहिलं यंत्र तिथे बसवलं तेव्हा उघडं पॅनल दिलं होतं. जूनमधली एक आंधी आली, आणि पाकिटाची खूण ओळखणारा सेन्सर धुळीने आंधळा झाला. दोन तास यंत्र भुजिया पाकिटाबाहेर ओतत होतं. चूक माझीच. तेव्हापासून राजस्थानात बंद पॅनलच पाठवतो.

दुसरा खांब लोकरीचा. मगरा, चोकला, नाली या इथल्या मेंढ्या, लोकर बहुतेक जाडी-भरडी, अंगावर घेण्यापेक्षा गालिच्याला बरी. तिचा धागा उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरला जातो. तिथला गालिचाही परदेशीच जातो, म्हणजे परक्याच्या शिंकेतून बिकानेरही पूर्ण सुटलेलं नाही. जमिनीखाली जिप्सम, लिग्नाइट आणि चिनी माती आहे. जिप्सममुळे खारा भागात प्लास्टर ऑफ पॅरिसचे कारखाने आहेत, आणि लिग्नाइटवर बरसिंगसरचा २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प. मातीबद्दल मात्र मला हळहळ वाटते: ती ट्रकने गुजरातेत मोरबीला जाते, टाइल्स तिथे होतात, नफाही तिथेच राहतो. कालव्याच्या पाण्यावर भुईमूग जोरात येतो, आणि पशुवैद्यक व कृषी अशी दोन विद्यापीठं शहरात आहेत. उंट संशोधन केंद्रही आहे. तिथली उंटिणीच्या दुधाची कुल्फी खाऊन बघा, मला बरी वाटली, बायकोला नाही.

बिकानेरची गैरसोय दळणवळणाची. जोधपूरहून मुंबई-दिल्लीला विमानं सहज मिळतात, बिकानेरच्या नाल विमानतळावर ती मोजकीच. गाडीने जायचं तर दादरची रणकपूर एक्स्प्रेस आधी जोधपूर घेते, मग बिकानेर. शहराच्या मध्यात कोटगेटजवळच्या रेल्वे फाटकावर अडकलात की बाजारातल्या भेटीची वेळ गेलीच म्हणा.

राहिलं सोलार. भाच्याला वाटतं शहरावर काहीतरी अवलंबून असेल. कामाच्या दृष्टीने फार कमी. २,२४५ मेगावॅटचं भडला सोलार पार्क फलोदीकडे आहे, दोन्ही शहरांपासून लांबच, आणि बिकानेर जिल्ह्यातही मैलोन्मैल पॅनल आहेत. उभारणीच्या वेळी हजारो हात लागतात, नंतर चालवायला मोजके. गावात रोजगार अपेक्षेपेक्षा कमी उरतो, आणि खेजडीची (शमीची) झाडं तोडण्यावरून बिकानेरकडे आंदोलनंही झाली आहेत. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० मध्ये याच झाडांसाठी बिश्नोई समाजाचे ३६३ लोक मारले गेले होते, तेव्हा हा विषय तिथे हलक्यात घ्यायचा नाही.

माझं मत विचाराल तर खाद्यपदार्थ, शेतीप्रक्रिया किंवा लोकरीत स्वतःचे पैसे घालणाऱ्याने बिकानेर घ्यावं: जागा स्वस्त, कारागीर हाताशी, गिऱ्हाईक देशातलं. डिझाइन आणि निर्यातीची हौस असेल, वर्षभर ऑर्डर नसली तरी तग धरण्याइतकं भांडवल असेल, तर जोधपूर. भाच्याचं वेगळं आहे. भाचेसून फिजिओथेरपिस्ट आहे, तिला कामाला इस्पितळं हवीत, आणि ती जोधपूरला जास्त. त्याला साइटवर राहायचंच आहे, मग घर जोधपूरला असू दे.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. पाणी येतं ते इंदिरा गांधी कालव्याचं, थेट पंजाबातल्या हरिकेहून, आणि उपसा योजनांनी वर चढवलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला 'नहरबंदी' म्हणतात, आणि मग नळाला दिवसाआड पाणी. म्हणून त्याला सांगितलं, घर बघताना बाल्कनी नंतर बघ, आधी जमिनीतली टाकी किती लिटरची ते विचार.

काल रात्री मेसेज आला: "मामा, पावटा भागात घर बघितलं. टाकी दहा हजार लिटर. बाल्कनी नाही."