वांडाव्हिजन, भाग दुसरा: दोरी दाखवून केलेली जादू

‘वांडाव्हिजन’ या मार्व्हलच्या सुपरहिरो-मालिकेचा दुसरा भाग, ‘डोन्ट टच दॅट डायल’, लावण्याआधी रिमोट घ्या आणि टीव्हीचा पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’वर आणा. भाग जवळजवळ पूर्ण काळा-पांढरा आहे, रंग त्यात तीनच ठिकाणी येतो. काही एलईडी टीव्हींवर व्हिविड आधीपासूनच लावलेला असतो. त्यात करडा रंग निळसर दिसतो आणि लाल वस्तू पडद्यावर आली तरी डोळा दचकत नाही. मोबाईलवर बघणार असाल तर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड आधी बंद करा, कारण तो चालू असला की सगळा भागच हळद लावल्यासारखा दिसतो आणि ज्यासाठी एवढी मेहनत घेतली आहे तेच हातून जातं. चित्र ४:३ म्हणजे जुन्या डब्बा टीव्हीच्या मापाचं आहे. बाजूचे काळे पट्टे म्हणजे बिघाड नाही. ते घालवायला झूम केलं तर डोकी आणि पाय कापले जातात.

मालिका १५ जानेवारी २०२१ रोजी पहिल्या दोन भागांसह सुरू झाली आणि ५ मार्चला नवव्या भागाने संपली. आपल्याकडे तेव्हा ती डिस्ने प्लस हॉटस्टारवर आली. दिग्दर्शक मॅट शॅकमन, मुख्य लेखिका जॅक शेफर, या भागाचं लेखन ग्रेचेन एंडर्स यांचं. एक गोष्ट माहीत असल्याशिवाय हा भाग कळणार नाही: २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’ या मार्व्हलच्या चित्रपटात व्हिजन हा यंत्रमानव मेलेला आहे. इथे तोच व्हिजन टाय लावून कामावर जातो, बायको वांडासोबत वेस्टव्ह्यू नावाच्या गावात संसार करतो, आणि गावात कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. ही माहिती डोक्यात नसेल तर पडद्यावर फक्त जुन्या वळणाची विनोदी मालिका दिसेल, आणि पंधराव्या मिनिटाला हात रिमोटकडे जाईल.

हा भाग १९६० च्या दशकातल्या ‘बिविच्ड’ या अमेरिकी मालिकेच्या धाटणीवर बेतलेला आहे. तिथेही जादू येणारी बायको होती आणि शेजाऱ्यांपासून ते लपवायचं होतं. कार्टूनची सुरुवात, नाक खुपसणारे शेजारी, सगळं तिथलंच. पहिल्याच प्रसंगात रात्री खिडकीवर ठकठक होते, दोघं घाबरतात आणि वांडा दोन वेगळे पलंग जादूने जोडून एक करते. त्या काळच्या टीव्हीवर नवरा-बायकोचेही पलंग वेगळे दाखवायचा रिवाज होता, म्हणून यात गंमत आहे.

तंत्राची बाजू मन लावून बघण्यासारखी आहे. व्हिजनचा चेहरा मुळात तांबडा. काळ्या-पांढऱ्या चित्रात तो तांबडा नीट उठत नाही, म्हणून या भागांसाठी नट पॉल बेटनी यांचा चेहरा निळा रंगवला गेला आणि त्यातून हवा तो करडा मिळाला. दिवे जुन्या पद्धतीचे, टंगस्टनचे. वस्तू उडवायला तारा आणि काठ्या वापरल्या. वस्तू एका क्षणात गायब करायची त्या काळची रीतही साधी होती: कॅमेरा थांबवायचा, नटाने जागच्या जागी पुतळा व्हायचं, वस्तू काढायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. यात चूक होते ती नटाच्या हाताची. हात इंचभर जरी हलला तरी जोड दिसतो.

आता गोष्ट. गावातल्या शाळेसाठी कार्यक्रम आहे आणि वांडा-व्हिजन त्यात जादूचे प्रयोग करणार आहेत. त्याआधी व्हिजन गावकऱ्यांच्या राखण-समितीच्या बैठकीला जातो. तिथे कुणीतरी च्युइंगम देतं आणि तो ते गिळतो. हा माणूस यंत्राचा. गम जाऊन आतल्या चाकांत अडकतं, ते कार्टूनमधून दाखवलंय, आणि व्हिजन दारू प्यायल्यासारखा झुलायला लागतो. बेटनी यांनी हे शरीराने केलं आहे, तोंड वेडंवाकडं करून नाही.

मग मंचावरचा प्रयोग, आणि इथे भाग खऱ्या अर्थाने वर जातो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हा प्रसंग इतर कुणाहीपेक्षा जास्त कळेल. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या आपल्या नाटकांत देव किंवा राक्षस वरून उतरवायचा असेल तर दोरी लपवायची असते. मागे काळा पडदा, दिवा समोरून न मारता बाजूने, आणि दोरी ओढणाऱ्याचा हात सावलीतही दिसता कामा नये. इथे बरोबर उलटं आहे. झिंगलेला व्हिजन खरोखरच हवेत तरंगतो. लोकांना संशय येऊ नये म्हणून वांडा घाईघाईने त्याच्या अंगाला दोरी आणि वर कप्पी ‘प्रकट’ करते, म्हणजे लोक म्हणतील, अरे, दोरीने लटकवलंय. तो एका हाताने पियानो उचलतो, तर ती पियानोचं सपाट कटआउट करून टाकते. खऱ्या जादूवर खोट्या युक्तीचं पांघरूण. प्रेक्षकांना फसवणूक पकडल्याचा आनंद होतो आणि त्या आनंदातच ते फसतात. शेवटी पेटीतून वांडाची गावातली नवी मैत्रीण जेराल्डीन बाहेर येते आणि या जोडीला विनोदी प्रयोगाचं बक्षीस मिळतं. एलिझाबेथ ओल्सन यांची धावपळ बघा: ओठांवर प्रेक्षकांसाठी हसू, डोळे सतत नवऱ्याच्या पायांवर.

हसण्याबद्दल. पहिला भाग खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित झाला होता, म्हणून तिथे नट हशा ओसरेपर्यंत थांबतात, जसं आपल्या मंडपात थांबावंच लागतं. दुसऱ्या भागात हशा डबाबंद आहे, १९६० च्या मालिकांसारखा. वेग त्यामुळे वेगळा लागतो. पण खरा उपयोग तो हशा बंद होतो तिथे केला आहे. गावातल्या बायकांची म्होरकी डॉटी आणि वांडा बोलत असतात, रेडिओवर गाणं चालू असतं, मध्येच खरखर होते आणि एक पुरुषी आवाज वांडाला नावाने हाक मारून विचारतो, तुझ्यासोबत हे कोण करतंय? डॉटीच्या हातात काचेचा ग्लास फुटतो. रक्त लाल दिसतं. कुणी हसत नाही. एप्रिल-मेमध्ये कूलर घरघरत असताना टीव्हीच्या स्पीकरवर हा आवाज निसटतो. तेवढ्या वेळासाठी कूलर बंद करा किंवा हेडफोन लावा, आणि इंग्रजी सबटायटल चालू ठेवा.

रंगाची पहिली जागा त्याच्याही आधी येते. झुडपात पडलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर, लाल-पिवळं, त्यावर तलवारीची खूण. ही खूण लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागते. मध्येच स्ट्रकर नावाच्या घड्याळाची जाहिरात येते. ती पुढे ढकलू नका. वांडावर प्रयोग करणाऱ्या माणसाचं ते नाव आहे आणि घड्याळाच्या तबकडीवर हायड्रा या मार्व्हलमधल्या खलनायकी संघटनेचं चिन्ह आहे.

उणं काय? डॉटीच्या अंगणातली बायकांची बैठक लांबली आहे. तिचा दरारा दोन वाक्यांत कळतो, तरी तेच पुन्हा पुन्हा घोटलं आहे. कॅथरिन हान यांची शेजारीण अ‍ॅग्नेस सोबत नसती तर ती पाच मिनिटं जड गेली असती. अमेरिकी जुन्या मालिका न पाहिलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्यात संदर्भ सुटतात, आणि मालिका त्याची काही सोय करत नाही.

शेवट मात्र पक्का. वांडा अचानक गरोदर दिसते. बाहेर आवाज होतो, दोघं रस्त्यावर जातात, गटाराचं झाकण सरकतं आणि मधमाश्या पाळणाऱ्याच्या पोशाखात एक माणूस वर येतो. पाठीवर तीच तलवार. वांडा म्हणते, “नाही.” चित्र टेपसारखं मागे जातं, दोघं परत घरात, माणूस पुसला गेला, पोट मात्र तसंच. गावाची सूत्रं कुणाच्या हातात आहेत हे त्या एका शब्दात कळतं. त्यानंतर व्हिजनचा खरा तांबडा चेहरा येतो आणि रंग घरभर पसरतो. इतका वेळ निळ्या रंगाने जमवलेला करडा इथे सोडून देतात, म्हणून तो तांबडा इतका ताजा वाटतो.

एकूण लांबी ३७ मिनिटांच्या आसपास, त्यातली शेवटची बरीच नावांची यादी आहे. तिच्यानंतर या भागात काही नाही, डेटा जपायचा असेल तर तिथे बंद करा. शेतीपंपांची वीज आली की व्होल्टेज पडतं आणि रेंजही दगा देते, म्हणून भाग आधीच फोनवर उतरवून ठेवलेला बरा. पहिला आणि दुसरा भाग एकाच बैठकीत बघा. मधे आठवडा गेला तर रेडिओवरचा आवाज आणि तलवारीची खूण डोक्यातून जाते, आणि तिसरा भाग १९७० च्या रंगीत टीव्हीत उडी मारतो तेव्हा धागा सापडत नाही.