लिटल मोर्टन हॉल: वाकूनही उभे राहिलेले घर

इंग्लंडच्या चेशर परगण्यात काँगलटनजवळ, चहूबाजूंनी खंदक असलेला लिटल मोर्टन हॉल पाहताना, बांधणारे ओळंबा घरी विसरून आले होते की काय, अशी शंका येते. वस्तुतः दोष सुतारांचा कमी आणि छपराचा अधिक आहे. १५०४ च्या सुमारास मोर्टन घराण्याने बांधायला घेतलेले हे घर पुढची शंभरेक वर्षे वाढत गेले. १५६० नंतर दक्षिणेची बाजू उठवताना तिच्या माथ्यावर सुमारे २० मीटर लांबीचे दालन चढवले आणि त्यावर दगडाच्या जड लाद्या घातल्या. हे ओझे खालच्या ओकच्या सांगाड्याला पेलवले नाही. आज त्या दालनात चालताना पायाखालची जमीन चढते-उतरते, आणि जहाजाच्या डेकवर असल्यासारखे वाटते.

सांगाड्याची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे कुसू बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकायची, आणि मधले खण कूड घालून मातीने लिंपायचे, ही अशा घरांची पद्धत कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो चौकात, १५५९ सालच्या पुढे झुकलेल्या खिडक्यांखाली. मालक विल्यम मोर्टन यांनी वर देवाचे आणि स्वतःचे नाव कोरून घेतले, त्यात नवल नाही. परंतु रिचर्ड डेल या सुतारानेही, आपण देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या, असे तिथेच कोरून ठेवले आहे. आपल्या वाड्यांच्या गणेशपट्टीवर सुताराचे नाव मी तरी कधी वाचलेले नाही. घरभर शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या सुमारे ३०,००० काचा आहेत, आणि भिंतींसोबत त्याही तिरक्या झाल्यामुळे प्रत्येक काच आभाळाचा वेगळा तुकडा दाखवते.

खोल्या जवळपास रिकाम्या आहेत. सामानसुमान पाहण्याची हौस असणाऱ्यांची निराशा होईल. मला उलट त्यामुळेच तुळया नीट पाहता आल्या. प्रसिद्ध काळ्या-पांढऱ्या रंगावर मात्र फार भाळू नये, कारण लाकूड काळे करण्याची ही टूम व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे. १९७७ नंतरच्या दुरुस्तीत बसवलेले नवे ओक तसेच, बिनरंगाचे ठेवले आहे. काळ्या तुळयांमधला तो फिका तुकडा शोधावा, म्हणजे मूळचे लाकूड कसे दिसत असेल, याचा अंदाज येतो.