स्विफ्ट की वॅगनआर? आधी मागच्या सीटवर कोण बसणार ते ठरवा

आमच्याकडे आधी वडिलांची मारुती ८००, मग माझी अल्टो, आणि दोन वर्षांपूर्वी पुन्हा तोच प्रश्न: आता कुठली? ८००ची पहिली चावी डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती निघायची थांबली. २००० साली आलेली अल्टो तर पुढे वर्षानुवर्षं देशात सगळ्यात जास्त खपली. दोघींनी आपापला काळ गाजवला. आज मात्र चार-पाच माणसांच्या घरासाठी गाडी बघणारा बहुतेक वेळा स्विफ्ट आणि वॅगनआरपाशीच अडतो. मीही तिथेच अडलो होतो.

चालवणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर स्विफ्ट. २००५ साली ती आली तेव्हा लहान गाडी इतकी देखणी असते हेच आपल्याला नवं होतं. मेहुण्याची स्विफ्ट मी आठ दिवस वापरली. खांबाटकी चढताना ती प्रत्येक वळणाला रस्ता धरून राहिली, स्टिअरिंगवरचा हात सैल सोडावासा वाटला. वॅगनआर उंच असल्याने अशा वळणावर थोडी कलते, आणि हायवेवर ट्रक शेजारून गेला की वारा जाणवतो. ॲव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च, रीसेल यांत सांगण्यासारखा फरक मला जाणवला नाही. अर्थात मी काही वही ठेवलेली नाही.

पण त्याच आठ दिवसांत आईला तीनदा डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आई ७६ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मागच्या सीटवर बसायचं म्हणजे आधी पाठमोरं उभं राहायचं, एका हाताने दार, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरायचं, मान वाकवायची आणि खाली जात राहायचं. शेवटचं चार बोटांचं अंतर तिला तोलता येत नसे. ती धपकन बसायची आणि गुडघ्यावर हात दाबून तशीच थांबायची. उतरताना तर दोघांनी धरावं लागे. तिसऱ्या खेपेला म्हणाली, ‘‘राहू दे रे, मी रिक्षाने जाते. तिथे धरायला दांडा तरी असतो.’’

यात गाडीचा दोष नाही. बुटकी आहे म्हणूनच ती वळणावर तशी चालते. आम्ही ८०० मध्येही असेच खाली वाकून बसायचो; तेव्हा सगळ्यांचे गुडघे धड होते एवढंच.

वॅगनआर स्विफ्टपेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर उंच आहे. जपानमध्ये १९९३ साली ती निघाली तीच मुळी छप्पर उंच आणि बैठक उंच या कल्पनेवर. आपल्याकडे १९९९ च्या अखेरीस आली. शोरूममध्ये आईने तिचं मागचं दार उघडलं, वळली, उभ्याउभ्याच सीटला टेकली आणि एकेक करून पाय आत घेतले. माझा हात पुढेच राहिला. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

म्हणून सगळ्यांनी वॅगनआरच घ्यावी असं मी म्हणणार नाही. घरात सगळे तरुण असतील, घाटाचा प्रवास जास्त असेल, गाडी चालवण्यातच मजा वाटत असेल, तर स्विफ्ट घ्या, पस्तावणार नाही. सेकंडहँड बघत असाल तर २०१८ ते २०२४ च्या स्विफ्टला मागच्या दाराचं हँडल काचेशेजारी वर असतं, ते म्हाताऱ्या माणसाच्या हाताला सापडतं का तेवढं पाहा; २०२४ च्या मॉडेलमध्ये ते पुन्हा दारावर नेहमीच्या जागी आलं आहे. वॅगनआर २०१९ नंतरची बघा, आणि भरल्या गाडीने घाट चढायचा असेल तर १.० पेक्षा १.२ चं इंजिन बरं.

सीएनजीचा विचार मात्र जपून करा. दोन्हींत टाकी डिकीतच बसते. आम्ही पेट्रोल घेतली ती याच कारणाने, आईचा वॉकर आता डिकीत मावतो. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातल्या थकल्या माणसाला बरोबर न्या आणि त्यांना दोन-तीनदा बसून-उतरून बघू द्या, मदत न करता.