अतिवृष्टी अनुदान: रक्कम पोहोचते, हिशेब पोहोचत नाही

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील आमच्या गावाचे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि त्यानिमित्ताने पंचनाम्यापासून बँकेच्या संदेशापर्यंत अनुदान वाटपाची सगळी व्यवस्था जवळून पाहता आली.

शासनाने ७ ऑक्टोबरला जाहीर केलेले पॅकेज ३१,६२८ कोटी रुपयांचे असले, तरी शेतकऱ्याच्या कामाचे आकडे मोजकेच आहेत: कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,०००, बहुवार्षिक पिकासाठी २२,५००, तीन हेक्टरांची मर्यादा आणि रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी आणखी १०,०००. जानेवारी २०२४ मध्ये कोरडवाहूचा दर १३,६०० रुपयांवर नेला होता, तो मे २०२५ मध्ये पुन्हा ८,५०० वर आणला गेला. रब्बीच्या दहा हजारांमुळे या वेळी ही घट झाकली गेली. पुढच्या आपत्तीत ते दहा हजार असतीलच असे नाही.

रक्कम आधार संलग्न खात्यावर थेट जमा होते, मध्ये कोणाचा हात लागत नाही, ही या व्यवस्थेची सर्वांत जमेची बाजू होय. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा डिजिटल ओळख क्रमांक) असलेल्यांना ई-केवायसीतून, म्हणजे आधारद्वारे ओळख पटवण्यातून, सूट मिळाल्यामुळे सेवा केंद्रांवरील रांगाही कमी झाल्या. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांना विशिष्ट क्रमांकाच्या यादीत नाव शोधून अंगठा द्यावा लागला, आणि मातीत राबलेल्या म्हाताऱ्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा जुनाच अनुभव पुन्हा आला.

खरी उणीव रक्कम जमा झाल्यावर जाणवते. आमच्या शेजाऱ्यांचे सोयाबीन १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकर. त्याचे १०,२०० रुपये अपेक्षित असताना खात्यावर ६,८०० आले. बँकेच्या संदेशात रकमेपलीकडे काहीही नव्हते: गट क्रमांक नाही, धरलेले क्षेत्र नाही, मदत कोणत्या महिन्याच्या पावसाची तेही नाही. दराने भागून पाहिल्यावर ८० आरच धरल्याचे आम्हीच ताडले. तलाठ्यांनी यादी दाखवली तेव्हा उताराकडील एक एकराचा तुकडा ३३ टक्क्यांपेक्षा कमी नुकसानीत, म्हणजे मदतीस अपात्र, धरल्याचे समजले. तो निर्णय कदाचित बरोबरही असेल, कारण तेथे पाणी फार साचले नव्हते. परंतु पैसे येण्यापूर्वी, हरकत घेता येईल अशा वेळी, तो त्यांना कळायला हवा होता. पंचनाम्याची प्रत खातेदाराच्या हाती देणे किंवा मोबाइलवर गटनिहाय क्षेत्र पाठवणे यात तांत्रिक अडचण कसली, हे समजत नाही.

सामाईक खातेदारांची तऱ्हा आणखी अवघड आहे. एका भावाच्या खात्यावर रक्कम घेण्यासाठी उरलेल्यांचे संमतीपत्र लागते आणि भाऊ पुण्याला कामाला असला की फाइल तिथेच थांबते. खातेदार मयत असेल आणि वारस नोंद झालेली नसेल, तर बोलायलाच नको.

पुढील खरिपापूर्वी फार्मर आयडी काढून घ्यावा आणि आपले आधार नेमके कोणत्या बँकेला जोडलेले आहे तेही पाहून ठेवावे. आमच्या गावात काही जण जिल्हा बँकेत हेलपाटे घालत राहिले आणि त्यांचे अनुदान पोस्टाच्या विसरलेल्या खात्यावर आधीच जमा झाले होते.